ठिणगी उत्तम आहे

'सिलिंडरची संख्या' या रकान्यात मी शून्य लिहिलं, तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी 'जन्मतारीख' या रकान्यात 'अजून ठरली नाही' असं लिहिलंय.

"साहेब, सिलिंडर लिहायचे राहिले."

"राहिले नाहीत. नाहीतच."

"चोरीला गेले?"

मी शाळेत बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. न समजणाऱ्याला समजावणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि त्यात मला फारसं यश आलेलं नसलं, तरी सवय दांडगी आहे. मी खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकलं आणि सुरुवात केली. गाडी माझ्या सासऱ्यांची. इंजिन रोटरी. साध्या इंजिनात पिस्टन वरखाली उड्या मारत असतो. इथे उड्या मारणारं कुणी नाही. फुगीर बाजूंचा एक तिकोनी लोखंडी ठोकळा लंबगोल डब्यात गरगर फिरतो. फिरता फिरता तो एका अंगाला हवा आणि पेट्रोल ओढतो, दुसऱ्या अंगाला दाबतो, तिथे ठिणगी पडते, भडका उडतो, पुढे धूर बाहेर. असे दोन ठोकळे. शिवाय आत जादा हवा कोंबणारा टर्बो नावाचा पंखा.

कारकुनाने शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या मागच्या रांगेनेही ऐकलं.

"म्हणजे मिक्सर," रांगेतल्या एक बाई म्हणाल्या.

"संगणक शून्य घेत नाही," कारकून म्हणाला. "वरच्या मजल्यावरून सूट आणा."

वरच्या मजल्यावर सुटीच्या दिवशी असतो तसा शुकशुकाट होता. पण सुटीऐवजी सूट मिळवण्यासाठी एक अर्ज होता. सिलिंडर नसलेल्या वाहनाला सूट मिळावी असा तो अर्ज. त्यातला तिसरा रकाना : सिलिंडरची संख्या. मी खाली आलो, वर गेलो, पुन्हा खाली आलो. अखेर कारकुनाला माझी दया आली. त्याने 'दोन' असं टंकलं, त्यापुढे एक फुली मारली आणि म्हणाला, "फुलीचा अर्थ कुणी विचारला तर मला विचारू नका."

हे सगळं मी का करत होतो? कारण माझे सासरे दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि दिवा न बदलता उतरले. उतरताना त्यांनी पायांऐवजी उजव्या मनगटाचा वापर केला. हात प्लास्टरमध्ये गेला, आणि त्याच आठवड्यात वाहन कार्यालयाचं पत्र आलं : इतकी जुनी गाडी तीस दिवसांत धुराची तपासणी पास झाली नाही, तर तिची नोंदणी रद्द. म्हणजे ती रस्त्यावर येऊ शकणार नाही. म्हणजे भंगार. बाबांनी, सासऱ्यांना मी बाबाच म्हणतो, ते पत्र डाव्या हाताने घडी घालून खिशात ठेवलं. तरुणपणी ते याच गाडीतून डोंगर चढण्याच्या शर्यतीत धावले आहेत आणि गाडीचा एकेक स्क्रू त्यांनी स्वतः पिळलेला आहे. आजवर कुणाला बॉनेटला हात लावू दिला नाही. ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही जाल?"

आमच्या लग्नानंतर त्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. नाही कसं म्हणणार?

तर तपासणी. तोच कारकून आता निळा डगला चढवून बाहेर आला. त्या कार्यालयात माणसं कमी आणि डगले जास्त असावेत. इथली तपासणी गाडी नुसती जागच्या जागी घुरघुरत ठेवून होत नाही. मागची चाकं लोखंडी रुळांवर चढवतात, रूळ आवळतात आणि गाडीला चढ चढत असल्यासारखं राबवतात. जागच्या जागी आमची गाडी मधमाशीसारखी गुणगुणत होती. माझी मान ताठ झाली. मग त्याने रूळ आवळले आणि मला पाय दाबायला सांगितला. गाडी अडखळली, उचकी लागल्यासारखी दोनदा गचकली आणि मागून फाट्कन असा आवाज आला, की वरच्या मजल्यावरची दोन माणसं खिडकीत आली. ती तिथे आहेत हे मला तेव्हा कळलं.

कारकुनाने कागदावर शिक्का मारला. नापास.

हा शब्द मी आजवर हजारो वेळा लिहिला आहे. तो उलट्या बाजूने वाचायला इतका वेगळा दिसतो, याची मला कल्पना नव्हती.

घरी पोचलो तर आवारात समिती बसलेलीच होती. आमच्या इमारतीत कुणाकडे साधा नळ गळला तरी चार तज्ज्ञ जमतात; इथे तर शर्यतीची गाडी होती. पंपवाले काका पाणीखात्यातून निवृत्त झालेले. जगातलं कुठलंही यंत्र हा मुळात पंपच असतो, असा त्यांचा सिद्धान्त. "आत कमी जातंय म्हणून बाहेर फुटतंय," ते म्हणाले. "हवा आली की पंप असाच ठोके देतो. पेट्रोल वाढवा." इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, "पेट्रोल वाढवा, पण आवाराबाहेर." आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, प्लास्टर कठड्यावर ठेवून बसलेल्या बाबांनी डोळे मिटून, गाडी सुरूही नसताना निकाल दिला : "भुकेली आहे ती. पेट्रोल कमी पडतंय."

आता मी विज्ञानाचा माणूस. तीन जणांचं एकमत झालं म्हणून काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना सांगत आलोय. मी म्हटलं, इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. आधी ठिणगी तपासू. मी स्पार्क प्लग काढला, वायर जोडून तो लोखंडावर टेकवला आणि बायकोला चावी फिरवायला सांगितली. टक् टक् टक्. निळीशार, टपोरी, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी ठिणगी! अशा गाडीला एका ठोकळ्यामागे दोन असे एकूण चार प्लग असतात. चारही पाहिले. चारही निळे. मी उभा राहिलो, हात पुसले आणि वर्गात निकाल जाहीर करतो त्या आवाजात म्हणालो, "ठिणगी उत्तम आहे. तो प्रश्न मिटला."

माझं हे वाक्य लक्षात ठेवणारे लोक आजही त्या इमारतीत राहतात.

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका ट्यूनिंगवाल्याकडे नेली. त्याला सगळे लॅपटॉप म्हणतात, कारण त्याच्या हातात पाना कुणी पाहिलेला नाही. तो गाडीच्या पोटात एक वायर खुपसतो, मांडीवर संगणक घेऊन शेजारच्या सीटवर बसतो आणि तुम्हाला गाडी चालवायला लावतो. गाडी चालते आणि तो पडद्यावरचे आकडे हलवतो. पेट्रोल किती, ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी, सगळं तिथून. मला हा माणूस पाहताक्षणी आवडला. धूळ नाही, ग्रीस नाही, नुसते आलेख.

"ठिणगी बघितली का?" त्याने पहिलाच प्रश्न विचारला.

"मी स्वतः. भौतिकशास्त्र शिकवतो मी."

"मग झालं, सर," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. शिक्षकावर विश्वास ठेवणारी माणसं अजून आहेत, याचा मला आनंद झाला. आज वाटतं, तो जरा कमी विश्वासू असता तर बरं झालं असतं.

आम्ही गाडी टाकीच्या चढावर नेली. गावाला पाणी देणारी मोठी टाकी ज्या टेकडीवर आहे, तिथला हा नागमोडी रस्ता. सपाटीवर गाडी शहाण्या मुलीसारखी. चढ लागला, टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केली, की उचक्या. लॅपटॉपने पडद्याकडे बोट दाखवलं. धुराच्या नळीत एक कांडी असते. बाहेर पडणाऱ्या धुरात किती प्राणवायू शिल्लक आहे, ते ती हुंगून सांगते. प्राणवायू फार उरला, तर आत पेट्रोल कमी पडलं असा अर्थ घ्यायचा. "बघा सर, ढीगभर उरतोय. उपाशी आहे गाडी." बाबा, पंपवाले काका आणि संगणक तिघांचं एकमत! मीही शरण गेलो. पेट्रोल वाढवलं.

उचक्या वाढल्या. कांडी म्हणाली, अजून उपाशी. अजून वाढवलं. उचक्या अजून वाढल्या. एखादा पाहुणा घास गिळत नाही म्हणून यजमानीण ताटात आणखी वाढत राहते आणि पाहुण्याचा चेहरा हिरवा होत जातो, तसं चाललं होतं. पाच संध्याकाळी आम्ही त्या चढावर घालवल्या. गाडीला पेट्रोलचा असा वास यायला लागला, की मी स्टाफरूममध्ये शिरलो की लोक खिडक्या उघडत. संगीताच्या बाईंनी मला विचारलं, "सर, तुम्ही जोडधंदा सुरू केलाय का?"

सहाव्या संध्याकाळी मी गाडी आवारात आणून उभी केली आणि पाय सोडला. आत न जळलेलं पेट्रोल गरम नळीत साठलं होतं. ते आता तिथे जळलं. मागून हातभर लांब ज्वाळ निघाली आणि सेक्रेटरींच्या बायकोने दोरीवर वाळत टाकलेल्या चादरीला मधोमध ताटाएवढं भोक पडलं. चादर पेटली नाही. फक्त भोक पडलं, गोल, नीट कातरल्यासारखं, आणि त्या भोकातून पलीकडे उभ्या असलेल्या सेक्रेटरींचा चेहरा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली : 'रहिवाशांनी आवारात स्फोट करू नयेत. अपरिहार्य असल्यास एक दिवस आधी लेखी कळवावे.' खाली माझं नाव नव्हतं. नाव लिहिण्याची गरजच उरली नव्हती. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला "काय, आज काही कार्यक्रम?" असं विचारत होता. माझ्या शाळेतली दोन मुलं आमच्याच इमारतीत राहतात, त्यामुळे ही बातमी माझ्याआधी वर्गात पोचली. फळ्यावर कुणीतरी फार चांगलं रॉकेट काढलं होतं. चालकाला चष्मा होता.

सव्वीस दिवस संपले होते. मी दुसऱ्यांदा तपासणीला गेलो. कारकुनाने मला ओळखलं, स्वतःहून सिलिंडर दोन आणि फुली टंकलं आणि कानात कापूस घातला. निकाल पहिल्यापेक्षा वाईट. "साहेब," तो आवाज खाली आणून म्हणाला, "पहिल्या वेळी नुसती नापास होती. आता तर बसूच द्यायला नको होतं."

घरी आलो, तेव्हा बाबा गॅलरीत नव्हते. ते आत पलंगावर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी निकाल सांगितला. ते म्हणाले, "असू दे मास्तर. जुनं झालं की जायचंच." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसला असता.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बायको शेंगा सोलत होती. तिने माझ्यापुढेही एक ढीग सरकवला. आमच्या घरात सांत्वन असंच करतात.

"मला एक सांगा," ती थोड्या वेळाने म्हणाली. "गाडी आवारात कधी गचकते?"

"आवारात नाही. चढावर."

"आणि ठिणगी तुम्ही कुठे बघितलीत?"

"आवारात. बाहेर काढून. तूच तर चावी फिरवत होतीस."

"तेच म्हणते मी. बाहेर चांगली होती. आत चढावर कशी असते, कुणी बघितलंय?"

मी हसलो. बायकोने विज्ञानात लुडबुड केली की मी जसा हसतो, तसा. "अगं, ठिणगी ती ठिणगी. बाहेर काय, आत काय. आत फक्त हवा दाबलेली असते. चढावर टर्बोमुळे जास्तच दाबलेली. आणि हवा जितकी दाबलेली, तितकं ठिणगीला उडी मारणं..."

मी थांबलो.

हे वाक्य मी बावीस वर्षं दर वर्षी एकदा वर्गात म्हणतो. पुढचा शब्द 'अवघड' असा आहे. मुलं तो परीक्षेत लिहितात आणि त्याचे त्यांना गुण मिळतात. मी मात्र तो शब्द तोंडात घेऊन, हातात शेंग धरून, पुतळ्यासारखा बसलो होतो. मोकळ्या हवेत उडणारी माझी ती निळीशार, पुस्तकातली ठिणगी आत, दाबाखाली, विझत होती! ठिणगी विझली की पेट्रोल तसंच न जळता बाहेर, त्याच्याबरोबर न वापरलेला प्राणवायूही बाहेर, आणि ती हुंगणारी कांडी बिचारी प्राणवायू बघून ओरडतेय, पेट्रोल कमी, पेट्रोल कमी! आणि आम्ही वाढतोय. प्लग भिजतायत. ठिणगी आणखी मरतेय.

"अवघड जातं," बायकोने माझं वाक्य पूर्ण केलं. "शेंगा सोला."

लॅपटॉपला हे सांगणं हा माझ्या आयुष्यातला एक कठीण फोन होता. मी प्रस्तावना फार लांबवली. मध्येच तो म्हणाला, "सर, म्हणजे ठिणगी कमी आहे?"

"बाहेर उत्तम आहे," मी म्हणालो. माणूस शेवटपर्यंत काहीतरी वाचवायला बघतोच.

तो सकाळी आला. ठिणगीचं बळ ज्या कॉइलमधून येतं, त्या चार कॉइल त्याने शोधून काढल्या, आणि पहिल्यांदाच मी त्याच्या हातात पाना पाहिला. कॉइल व्यवस्थित, एका ओळीत, हिरव्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. इतकी नेटकी बांधणी आमच्या ओळखीत एकच माणूस करतो. वर चिकटपट्टी, आणि तिच्यावर बाबांचं टपोरं अक्षर : 'तपासले. उत्तम. हात लावू नये.'

लॅपटॉपने कॉइल उलटीसुलटी करून पाहिली. "सर, या साध्या घरगुती गाडीच्या आहेत. भाजी आणायला जायच्या गाडीच्या. या इंजिनाला निम्म्यानेही पुरणार नाहीत. इंजिन जोरात फिरायला लागलं की यांना भरायलाच वेळ मिळत नाही." त्याने सहज विचारलं, "कुणी बसवल्या हो?"

मी वर गॅलरीकडे पाहिलं. ती रिकामी होती. "जुनी गाडी आहे," मी म्हणालो. "कुणी ना कुणी बसवल्या असतील." आणि ती चिकटपट्टी सोलून खिशात घातली. आपल्यासारखाच शिक्का मारून मोकळा झालेला माणूस भेटला, की त्याच्याबद्दल एकदम माया वाटते.

जोरदार कॉइल बसवल्या. मी चावी फिरवली आणि गाडीने एवढा काळा धूर काढला, की सेक्रेटरी लेखी सूचना मागायला खाली आले. लॅपटॉप मात्र हसत होता. "सर, इतके दिवस जे वाढून ठेवलं ते आता सगळं जळतंय. ठिणगी बदलली की आधीचं सगळं ट्यूनिंग खोटं ठरतं. पाटी पुसायची, पुन्हा लिहायचं."

उरलेल्या तीन संध्याकाळी आम्ही पुन्हा टाकीच्या चढावर. या वेळी पेट्रोल कमी करत, कमी करत. माझा जीव खालीवर होत होता, कारण पेट्रोल फार कमी झालं तर या इंजिनाच्या कोपऱ्यांवरच्या नाजूक पट्ट्या जातात आणि मग सगळंच जातं. पण गाडी कुरकुर करीना. जेवढं कमी करावं, तेवढी ती मोकळी होत गेली. मग ठिणगीची वेळ. लॅपटॉपने ती दोन अंश मागे घेतली.

"हे का?"

"तुमच्याकडे कुणी उशिरा येणारे नातेवाईक आहेत?"

"माझा थोरला साडू."

"त्यांना सातचं जेवण असेल तर तुम्ही सहाला बोलावता ना? आधीची ठिणगी तशी होती. आग लागायला उशीर करायची, म्हणून मी तिला लवकर बोलावत होतो. आता साडू वेळेवर यायला लागले. पण निरोप सहाचाच गेला, तर ते सहाला येणार आणि यजमान अजून टॉवेलवर. मग धक्का बसतो. इंजिनाला तो धक्का सोसत नाही."

इतकं सोपं मी आयुष्यात कधी शिकवलेलं नाही. मी हे उदाहरण त्याच्या परवानगीने वर्गात वापरायचं ठरवलं. साडूची परवानगी घेणार नाही.

तिसाव्या दिवशी आम्ही तिघं निघालो. मी चालवत होतो, शेजारी बाबा, प्लास्टरचा हात मांडीवर. मागची सीट म्हणजे सीट नव्हे, दप्तर ठेवायची जागा. तिथे बायको आडवी बसली होती. बाबा यायला तयार नव्हते. तिने त्यांच्या पायांत चपला ठेवल्या आणि म्हणाली, "निकाल काही लागो, तिच्यासोबत कुणी असायला नको का?" तेव्हा ते उठले.

कारकुनाने कानात कापूस घातला. गाडी रुळांवर चढली. रूळ आवळले. मी डोळे मिटून पाय दाबला.

उचकी नाही. गचका नाही. एकसंध, चढत जाणारा सूर, शिवणयंत्र आणि शिट्टी यांच्या मधला काहीतरी. मी डोळे उघडले तेव्हा कारकून एका कानातला कापूस काढून ऐकत होता. त्याने आकडे दोनदा पाहिले, यंत्राला थाप मारून तिसऱ्यांदा पाहिले. मग शिक्का शोधायला आत गेला, कारण पासचा शिक्का त्याने माझ्यासाठी बाहेर आणलाच नव्हता.

आम्ही परत निघालो. टाकीच्या चढाच्या पायथ्याशी त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला सांगितली.

"काय बदललंत?"

"कॉइल," मी म्हणालो. "जुन्या झाल्या होत्या. इतक्या वर्षांनी व्हायच्याच."

"जुन्या नव्हत्या," बाबा समोर बघत म्हणाले. "चुकीच्या होत्या. मी लावल्या होत्या. अस्सल मिळेनात, म्हटलं काम चालेल. चाललं नाही. तरी मी पेट्रोललाच बोल लावत राहिलो." मग म्हणाले, "आज त्या रुळांवर तिचा आवाज ऐकला, तेव्हा कळलं. असा आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. आणि मी रोज सगळ्यांना सांगत होतो, की मला नुसतं ऐकून कळतं."

मी म्हटलं, "बाबा, मी तर ठिणगी डोळ्यांनी बघून उत्तम म्हणालो होतो. भौतिकशास्त्राचा दाखला देऊन."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "हो. ते गॅलरीत ऐकू आलं होतं," ते म्हणाले. "फार मोठ्याने म्हणालात." आणि हसायला लागले. प्लास्टर हलेल इतके हसले. मीही हसलो. लग्नापासून इतक्या वर्षांत आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसल्याचं मला आठवत नाही.

"मग पकडलं कुणी?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

मी अंगठ्याने मागे दाखवलं.

बाबा बराच वेळ आरशात तिच्याकडे बघत राहिले. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून बाहेरच्या झाडांकडे बघत होती, आपल्याविषयी काही बोलणं चाललंय हे माहीत नसल्यासारखी.

"तुला कसं कळलं गं?"

"आठ वर्षांची असल्यापासून तुमच्या शेजारी बसतेय बाबा," ती म्हणाली. "ऐकण्याशिवाय दुसरं काय काम होतं मला? चालवायला कधी दिलीत?"

बाहेरून एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून चढ चढून गेला.

"मास्तर," बाबा म्हणाले, "उतरा."

मी उतरलो. तीही उतरली. ती पुढे गेली, चालकाच्या सीटवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा फिरवला. मी मागे शिरलो. उजवा पाय आत आला, डावा राहिला. डावा आत आला तेव्हा चष्मा बाहेर पडला. अखेर गुडघे कानांपाशी आणून मी कसाबसा मावलो. दार बंद झालं.

"पहिलं वळण डावीकडे," बाबा म्हणाले. "दुसऱ्या गिअरमध्ये घे, आणि..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी जिथे पाय काढून घ्यायचो, तिथे तिने दाबला. काटा मी कधीही न पाहिलेल्या आकड्याकडे निघाला, टर्बोने श्वास ओढला, आणि इंजिन एका दमात असं वर चढलं, की माझं डोकं मागच्या काचेला चिकटलं. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. सायकलवाला कुठे गेला ते मला दिसलंच नाही. पुढे बापलेक दोघंही ताठ बसले होते, एकमेकांकडे न बघता, आणि दोघांचे खांदे एकाच वेळी डावीकडे, एकाच वेळी उजवीकडे झुकत होते.

"हळू!" मी ओरडलो.

"सोडू नकोस," बाबा तिला म्हणाले.